डबाभर पेट्रोल

...आन् वर मलाच म्हणत्यात, "दिलदार साठेबाज हाय!" आवो, कसला साठेबाज? एक डबा, पावणं! एक पत्र्याचा डबा! तुमास्नी सांगतो, ह्येच चौऱ्याहत्तर साल. अरबांनी तिकडं नळ आवळला आन् हितं शिवाजी पेठंत माझी फटफटी उपाशी. पंपावर ही रांग! त्यात बायको नजीरा पहिलटकरीण, दिवस भरल्यालं. कळा कवा येतील काय नेम? दवाखाना गावाच्या त्या टोकाला. जीव नुसता टांगणीला! म्हणून चार लिटर पेट्रोल ठेवलं बाजूला, काय चुकलं? पण ठेवायचं कुठं, सांगा की!

पयलं ठेवलं बाटल्यांत. शेजारी गणपतराव, रिटायर हवालदार. वास आला तशी भिताडावरनं मुंडी काढली. "दिलदार! काचंत ठेवलंयस? फुटली म्हंजे? पत्र्याचा डबा आण, आट्याचं, फिरवून बसणारं घट्ट बूच बघ, काठोकाठ भरू नगंस, आन् इस्तवापास्नं लांब ठेव. घरवापराला थोडं ठेवलं तर कायदा काय म्हणत न्हाय. इकाय लागलास तर मात्र आत!" आन् हे सांगताना तोंडात काय? पेटल्याली बिडी! म्हटलं, हवालदार, आदी तुमचा कायदा इझवा!

डबा आणला. आता इस्तवापास्नं लांब... आवो, आमच्या घरात तशी जागा हाय व्हय? सैपाकघरात चूल. न्हाणीत बंब. परसात शेजारीण चिमणाबाई चटणीच्या मिरच्या भाजाय बसल्याली, निम्मी पेठ शिंकतीया! सोप्यात ठेवावं, तर आमची अम्मा ऊद घिऊन कोपरा न् कोपरा फिरती. "घरात बरकत येती, बेटा." म्हटलं अम्मा, बरकत यायच्या आदी छप्पर जाईल! खाटंखाली सारला, तर नजीरा नाक धरून म्हणती, "ह्या खोलीत एक तर डबा ऱ्हाईल, न्हाय तर मी." मग ठेवायचं कुठं, सांगा की!

तेवढ्यात भेटलं तालमीचं वस्ताद, पिराजी पैलवान. "दिलदारभाई, तालमीत ठिवा की! मागल्या खोलीत चूल न्हाय, बिडी न्हाय. कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती हाय, भडकलंच तर टाकायची घमेलंभर. एकदम सुरक्षित!"

पटलं मला. हितंच खुळा ठरलो बघा! पेठंत जल्मून इसरलो, की तालमीत ठेवल्याली वस्तू म्हंजे अख्ख्या पेठंची वस्तू!

फुडं काय झालं... ऐतवारी आमच्या पेठंनं फुटबॉलची फायनल मारली, आन् त्याच सांजच्याला नजीराला कळा सुरू! पळालो तालमीत. डबा उचलला... फुलावानी हलका! थेंब न्हाय आत! बूच मात्र घट्ट बशिवल्यालं, कायद्यापरमानं!

आन् भायेर? भायेर मिरवणूक! गुलाल, हलगी, सायलेन्सर काढल्याल्या फटफट्या ढुर्रर्र करत्यात... माझ्या पेट्रोलवर! सगळ्यांत फुडं पिराजी. "या की दिलदारभाई, बसा मागं!" म्हटलं, वस्ताद, माझी बायको अडलीया हो! तिच्यासाठी ठेवलतं त्ये पेट्रोल!

हलगी थांबली. पिराजीचा चेहरा खर्रकन उतरला. मग माझ्यावरच डाफरला, "खुळ्या, अडल्याली बाई फटफटीवर बशिवणार हुतास व्हय रं?" ...आता ह्ये आदी कुणीच कसं इचारलं न्हाय, सांगा! लालासाबचा टांगा बोलावला, आन् अख्खी मिरवणूक वळली दवाखान्याकडं. फुडं वस्ताद वराडतोय, "बाजूला व्हा, बाजूला!" मधी टांग्यात नजीरा, मला नावं ठेवतीया. तिचा हात धरून अम्मा. मागं फटफट्या. आवो, मंत्र्याला असला रस्ता मिळत न्हाय! येळंवर पोचलो. पोरगी झाली. झ्याक! पिराजीच्या गळ्यात पडून मी रडलो, खोटं कशाला सांगू.

तवापास्नं पेट्रोल बंद. आता घरात हरभऱ्याचं पोतं ठेवलंय, लालासाबच्या घोड्यासाठी. येळवखत सांगून येती व्हय? आन् हरभऱ्याला बूच नको, कायदा नको. हवालदारानं खुशाल शेजारी बसून बिडी वढावी!

काल पिराजी आला, पोरीला बघाय. तिला मांडीवर घेतली, आन् नजर गेली पोत्याकडं. आता पैलवान माणूस, आन् हरभरं भिजवून खाणारा...

"दिलदारभाई, हरभरं घरात? किडं लागत्यात हो. तालमीत ठिवा की! एकदम सुरक्षित!"

मग काय, पावणं! पोत्याचं एक टोक त्यानं धरलं... दुसरं मी धरलं.