तेवीस वर्षांचे गॅप सर्टिफिकेट

दि. १८ जुलै २०२५

मी, वर्षाराणी गोरक्ष ढाकरे, वय ४० वर्षे, व्यवसाय – प्रेस ऑपरेटर, रा. लांडेवाडी, भोसरी, मूळ रा. ता. भूम, जि. धाराशिव, पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती व एका मुलीसह राहते. भोसरी एमआयडीसीतील एका वर्कशॉपमध्ये एकोणीस वर्षे प्रेस मशीन चालवते. तिथे तपासणीची एक जागा रिकामी झाली आहे, पण तिला पदविका लागते. जॉब, म्हणजे मशीनमधून निघणारा भाग, बरोबर निघाला की नाही हे मला हात लावताच कळते. कळते असा कागद मात्र माझ्याकडे नाही. म्हणून तळवड्यातील एका सामुदायिक महाविद्यालयात गुणवत्ता तपासणीच्या पदविकेसाठी अर्ज केला.

'शिक्षण सुटलेल्यांसाठी, वयाची अट नाही' असे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत आहे. अटी बारीक अक्षरांत आहेत. दहावी पास हवी, दोन वर्षे कामाचा अनुभव हवा, शिवाय दहावीनंतर आजवर, म्हणजे माझ्या बाबतीत २००२ पासून तेवीस वर्षे, काय केले याचे शपथेवर प्रतिज्ञापत्र, म्हणजे गॅप सर्टिफिकेट हवे. शिक्षण सुटलेल्यांना बोलवायचे आणि ते का सुटले म्हणून शपथ घ्यायला लावायची, असा हा कारभार आहे.

आज सकाळी अर्धी रजा टाकून मी टायपिंगच्या दुकानात गेले. दुकानदार गणराज यांच्याकडे मजकूर तयारच असतो. पुरुषांना 'शेतीकाम करीत होतो', बायकांना 'घरीच होते, कोठेही नोकरी केली नाही'. ते फक्त नाव बदलतात. रांग मोठी होती. मी न वाचता सही केली व नोटरीचा शिक्का घेतला. ही चूक माझी आहे.

दुपारी तीनच्या सुमारास महाविद्यालयाचे प्रवेश लिपिक शेखर दाभोळे यांनी हे प्रतिज्ञापत्र व वर्कशॉपचे अनुभवाचे पत्र पाहिले. एका कागदावर घरी, दुसऱ्यावर कंपनीत, तेव्हा एक खोटा, असे ते म्हणाले. प्रतिज्ञापत्र चुकले, तासाभरात बदलून आणते, असे मी सांगितले. त्यावर शिक्क्याचा कागद खोटा नसतो, अनुभवाचे पत्र साध्या लेटरहेडवर आहे, तेच मागे घ्या, असे त्यांचे म्हणणे पडले. गृहिणींच्या राखीव जागा रिकाम्या आहेत, त्यांना अनुभवाची अट नाही, त्यातून आत्ता प्रवेश देतो, असेही ते उदार मनाने म्हणाले. म्हणजे कामाचे शिक्षण हवे, तर काम कधी केलेच नाही अशी शपथ घ्यायची.

मी उजवा हात त्यांच्या टेबलावर ठेवला. २०१४ साली प्रेसमध्ये दोन बोटांची पेरे गेली आहेत. मी विचारले, "हे घरी बसून गेलं का, साहेब?"

त्यांनी नीट पाहिले आणि म्हणाले, "विळीवरही जातं, ताई."

त्यानंतर मी माझे प्रतिज्ञापत्र उचलून त्यांच्यासमोर फाडले. महाविद्यालयाचे रेकॉर्ड नष्ट केले व शिवीगाळ केली, अशी त्यांची तक्रार आहे. फाडले हे खरे. शिवीगाळ केली हे खोटे. शिवी वाया घालवण्याइतकी त्यांची लायकी मला वाटली नाही.

आज प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. खिडकी पाचला बंद होते. आता सहा वाजून दहा मिनिटे झाली आहेत. कागद फाडल्याचा पस्तावा नाही. प्रवेश गेल्याचे वाईट वाटते, फार वाईट वाटते.

हा जबाब मला वाचून दाखवला. व्यवसायाच्या रकान्यात संगणकावर 'गृहिणी' असे आधीच आलेले होते, ते मी बदलायला लावले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे खरा व बरोबर आहे.

सही/-
वर्षाराणी गोरक्ष ढाकरे