भूत ‘जातो’ म्हणालं

(सिनेमागृहाच्या तळघरातलं पार्किंग. दुपारचा खेळ संपलाय. गाडीत पुढे मामा आणि भाची, मागच्या सीटवर मामी.)

मामा: खुर्च्या छान होत्या.

भाची: मामा, मी खुर्च्यांबद्दल विचारलं नाही.

मामा: नाही, पण होत्या. मागे रेललं की पाय आपोआप वर. माझ्या दुकानात अशी एक ठेवली ना, तर गिऱ्हाईक चष्मा विसरून झोपून जाईल.

भाची: सिनेमा कसा वाटला?

मामा: सिनेमा ना? छान. आणि तुझं नाव केवढं मोठं आलं! ‘पटकथा आणि संवाद’, आणि खाली आमची भाची. मी शिट्टी मारली.

मामी: एकटेच मारत होते. पुढची बाई वळून वळून बघायला लागली. शेवटी सांगितलं तिला, मामा आहेत हो, चालायचंच.

भाची: मामी, तुला कसा वाटला?

मामी: खरं सांगू? झोप लागली मला.

भाची: भुताच्या सिनेमात?

मामी: रात्रपाळी करून आलेय गं. वॉर्डात रात्रभर डोळ्याला डोळा नाही. इथे अंधार, गारवा, आणि ‘सिस्टर, सिस्टर’ म्हणून हाका मारायला कुणी नाही. अशी झोप कित्येक दिवसांत लागली नव्हती.

मामा: घोरत होतीस. मागच्यांना वाटलं, भूत आलं.

मामी: चला, तेवढ्यापुरते तरी घाबरले.

भाची: बघ, मामी निदान खरं बोलते. तू बोल ना.

मामा: बोललो की. छान आहे. चल, निघू या, वर गाड्यांची रांग लागेल. अगं, किल्ली कुठे गेली?

भाची: माझ्याकडे आहे. खरं सांगितल्याशिवाय मिळणार नाही.

मामा: हा काय पोरखेळ!

भाची: संध्याकाळी निर्मात्याचा फोन येणार आहे. या नव्या सिनेमाचा दुसरा भाग लिहिणार का, हो की नाही सांगायचंय. जो भेटतो तो छान म्हणतो. शेजारच्या काकू छान म्हणाल्या, दातांचे डॉक्टर माझ्या तोंडात यंत्र घालून छान म्हणाले. तूही तेच म्हणालास तर मी कुणाला विचारू? या भुताच्या सिनेमाचे जुने तिन्ही भाग मला कुणी दाखवले? तू आणि आईनं. मी भीतीनं खुर्चीखाली जाऊन बसले होते, आणि तुम्ही दोघं इतके खिदळत होतात की मला घाबरायचीच लाज वाटली.

मामा: तुझी आई म्हणजे काय विचारतेस! तोंडात ओढणी कोंबून बसायची, तरी आवाज बाहेर.

भाची: आज तू एकदा तरी हसलास का?

मामा: हसलो ना. मध्यंतरात.

मामी: तेव्हा जाहिरात चालू होती.

भाची: मामा!

मामा: बरं बाई. एक विचारतो, राग मानू नकोस. एवढा अंधार कशाला? मला वाटलं, माझाच नंबर वाढला. दोनदा चष्मा पुसला. म्हटलं, चष्मेवाल्यालाच दिसेना म्हणजे दुकान बंद करावं लागणार.

भाची: वातावरणनिर्मिती असते ती.

मामा: असेल. आणि भूत लिफ्टमध्ये कसं अडकलं?

भाची: ते प्रतीक आहे. एकटेपणाचं.

मामा: भिंतीतून आरपार जातं ना ते? मग लिफ्टचं दार काय त्याचं घोडं मारतंय? जा म्हणावं एकटेपणा घेऊन आरपार.

मामी: अहो, हळू. ती लिहिते हो, तिला कळत असेल.

भाची: नको, बोलू दे त्याला.

मामा: आणि त्याला बालपण कुणी दिलं? पाळणा काय, मोडकी बाहुली काय, मागे व्हायोलिन काय! आपलं भूत कसं सरळ होतं. दारावर टकटक करायचं. ‘आत येऊ का?’ घरातलं कुणीतरी सवयीनं ‘या, या’ म्हणायचं, की झालं. छत्री कोपऱ्यात, पाय पलंगावर, आणि ‘उशी जरा मऊ नाही का?’ त्याचं लहानपण कुणी विचारलं नाही. पाहुण्याला विचारतो का आपण, लहानपणी रडायचात का म्हणून?

मामी: माझा डोळा लागला तेव्हा ते आरशात बघत होतं. पुढे काय झालं? शेवट काय केलाय?

मामा: विचारू नकोस.

मामी: का?

मामा: ‘जातो’ म्हणालं.

मामी: कोण?

मामा: भूत. दारात उभं राहिलं आणि म्हणालं, ‘जातो.’

मामी: काहीतरीच काय! तिन्ही भाग त्या एका शब्दावर तर चालले. त्यानं एकदा ‘जातो’ म्हणावं म्हणून घरातले जिवाचं रान करायचे. रुसून बघायचे, भांडून बघायचे, बॅग भरून हातात द्यायचे. आणि ते उंबऱ्यात वळून म्हणायचं, ‘बरं, येतो मी.’ येतो म्हटलं की परत आलंच!

मामा: अख्खं थिएटर म्हणायचं त्याच्याबरोबर. आज मीसुद्धा तयारीत होतो. ‘ये’ म्हणून झालं होतं माझं. आणि हे शहाणं म्हणतं, ‘जातो.’ माझा ‘ये’ तसाच तोंडात राहिला.

मामी: मग आता दुसरा भाग कसा काढणार?

भाची: निर्माता म्हणतो, छत्री विसरली म्हणून परत आलं असं दाखवू.

मामा: बघ, निर्मात्याला सुचलं! त्याच्या दिग्दर्शकाला सांगायचं नाही का, ‘जातो’ नको म्हणून?

भाची: दिग्दर्शकाला ‘येतो’च हवं होतं. ‘जातो’ मी लिहिलं. भांडून ठेवून घेतलं.

मामा: तू? तुला तर तो शब्द पाठ होता. शाळेत जाताना छत्री घेऊन दारात नक्कल करायचीस. का गं?

भाची: आई म्हणाली होती, ‘येते.’

मामा: कधी?

भाची: ऑपरेशनला आत नेताना. मी बाजूनं चालत होते. दाराशी मला थांबवलं. ती हसून म्हणाली, ‘येते गं.’ आली का?

मामा: नाही गं.

भाची: तेव्हापासून तो शब्द नको झालाय मला. कुणी ‘येतो हं’ म्हणून जिना उतरायला लागलं की मी खिडकीशी धावते. म्हटलं, निदान भुतानं तरी खरं बोलावं. जातो म्हणावं आणि जावं.

मामी: मलाही म्हणाली ती. दाराच्या आत मीच होते ना ड्यूटीवर. म्हणाली, ‘येते वहिनी, तोवर माझ्या चपलांवर लक्ष ठेवा. नव्या आहेत, इथे कुणीही उचलेल.’

भाची: चपला?

मामी: हो. मी रोज घाबरलेली माणसं आत जाताना बघते. ती देवाचं नाव घेतात, नाहीतर माझा हात सोडत नाहीत. चपलांची काळजी करणारी पहिलीच बघितली.

भाची: म्हणजे ती घाबरली नव्हती?

मामी: मला तरी नाही वाटली. आणि मला कळतं.

मामा: आणि ते वचन नव्हतं गं. बोलायची रीत असते ती. भाजी आणायला निघाली तरी ती ‘येते’च म्हणायची. त्या दिवशीही तेच म्हणाली. तिनं तुला फसवलं नाही.

भाची: माहितीये मला. कळतं सगळं. तरी राग येतो.

मामा: येऊ दे.

भाची: मग तो शेवट… चुकलाच का?

मामा: रागावशील.

भाची: नाही रागावत.

मामा: तुझं दुःख खरं आहे. सीन वाईट आहे.

मामी: अहो!

मामा: नाही, आता बोलतोच. वाईट म्हणजे टाकाऊ आहे. त्या बिचाऱ्या भुताच्या तोंडात तू तुझं रडणं घातलंस. ते हातात छत्री घेऊन उभं, आणि त्यालाच कळेना आपण कशासाठी रडतोय. लोकांना कुठून कळणार? रडायचं होतं तर माझ्याकडे यायचं. दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. वर्षभर पाऊल टाकलं नाहीस, आणि इथे हॉलभर परक्या माणसांसमोर व्हायोलिन लावून रडतेस?

भाची: तू तरी कुठे आलास?

मामा: नाही आलो. काय बोलावं कळत नव्हतं. तू दिसलीस की तीच दिसायची. मग फोनवर ‘सगळं छान ना? छान, छान’ करून ठेवून द्यायचो. माझीही बहीणच होती ती.

भाची: हो रे.

मामा: आज भूत दारात उभं राहिलं तेव्हा वळून बाजूला बघितलं. तिला दाखवायला. तिकडे तुझी मामी घोरत होती.

मामी: माझ्या नावानं शंख करा सगळे.

भाची: मग निर्मात्याला नाही म्हणू?

मामा: ते मला विचारू नकोस. लिहिताना तुला स्वतःला हसू फुटणार असेल तर हो म्हण. नसेल फुटत तर राहू दे, भूत काही उपाशी मरत नाही. पण लिहिलंस तर पानं आधी माझ्याकडे आणायची. मी छानबिन म्हणणार नाही. लिफ्ट दिसली की फाडून टाकीन. आणि नायिकेला सांग, किंचाळण्याआधी केस सारखे करत बसू नकोस म्हणावं. आणि तो पोलीस, तो कोण होता? शेवटपर्यंत कळलं नाही मला. एवढी शिकलीस, एवढं वाचलंस, आणि एक हसरं भूत नीट सांभाळता येत नाही तुला? काय गं, रडतेस की काय?

भाची: नाही रे. आई गेल्यापासून कुणी ओरडलंच नव्हतं मला.

मामी: मग थांबलात कशाला हो? ओरडा तिला अजून.