सतरा संचालक आणि एक हेडर

…पण ऐकून कोण घेतंय! अहो, श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात मी क्लार्क, चार वर्षं टेंपररी, आणि नव्व्याण्णव साली चेअरमन गोरक्षनाथ आण्णा म्हणाले, "राधाकृष्ण, कारखान्याची वेबसाइट कर. सगळ्यांना पसंत पडली की तू कायम!" केली. ऊस, गाळप, चिमणीचा फोटो, सगळं टाकलं. उद्घाटनाला सतरा संचालक फेटे बांधून बसले, नारळ फुटला, मोडेम किंचाळलं, आणि पडद्यावर काय? फोटो न्हाई, चिमणी न्हाई, नुसता कोड! कंसच कंस! तुम्हाला सांगतो, दोष माझ्या पानात नव्हता हो, दोष हेडरात होता!

हेडर म्हणजे? पान धाडायच्या आधी सर्व्हर चार ओळी धाडतो, आपल्याला दिसत न्हाईत, पण ब्राउझर त्यांचंच ऐकतो. मी टेलनेट नावाच्या प्रोग्रॅमनं सर्व्हरला थेट जोडून त्या बघितल्या, तर तिथं लिहिलंय, 'हा साधा मजकूर.' झालं! ब्राउझरनं माझा कोड तलाठ्यासारखा जसाच्या तसा वाचायला काढला! पुण्याच्या सर्व्हरवाल्याला फोन केला तर तो, "आमच्याकडून ओके आहे सर, रिफ्रेश करा ना सर." काय रिफ्रेश करू, डोकं?

त्यात पानाचा वरचा भाग, त्याला हेड म्हणतात, तिथं शोधणाऱ्याला सापडावीत म्हणून सतराही संचालकांची नावं मी इंग्रजीत घातलेली, आणि त्यांच्या वर, बनवणारा म्हणून माझं एक. ते कुणाला दिसायचंच नसतं हो! पण दिसलं. संचालकांतले कोंडीराम नाना गरजले, "आण्णाच्या वर ह्याचं नाव? लग्नाच्या पत्रिकेत आचाऱ्याचं नाव वर छापत्यात व्हय?" आता ह्यांना कसं सांगू, दोष हेडरात होता!

माझं नाव तळाला नेलं. पुण्याला फोन करकरून आठवड्यानं हेडर दुरुस्त करून घेतला. पुन्हा बैठक. पान उघडलं… काय देखणं, हो! चिमणी, धूर, हिरवागार ऊस! माझ्या डोळ्यात पाणी आलं. तेवढ्यात मागून मुक्ताबाई संचालिका, "चिमनी तर आमी रोजच बघतो. आमची नावं कुठं गेली?" म्हटलं, "बाई, ती आत असतात." "आत? आमी काय जेलात बसलोय?" नाना म्हणाले, "आधीचंच बरं हुतं. वर आण्णा, मग सगळे मानानं!" सतरा हात वर. ठराव मंजूर.

पुण्याला मीच फोन केला, "ती चूक परत घाला." तो म्हणतो, "कुठली सर? आमच्याकडून तर काहीच नव्हती."

झालो कायम. ऑर्डर घरी फ्रेम करून लावलीय. कामाचं स्वरूप: 'वेबसाइट दुरुस्त होऊ न देणे.'