पुलापलीकडचा पेंटर

हॅलो?… हॅलो, बाबा? अहो, तुम्ही? आत्ता?… हो, हो, येतंय ऐकू, ओरडू नका. अख्खं कँटीन माझ्याकडे बघतंय… नाही, कामात नाही. जेवणाची सुट्टी आहे, अर्धा तास. बोला ना.

पण तुम्हाला तर आता आत घेणार होते ना? दादा म्हणाला, दोन वाजता… झालं? काय झालं? ऑपरेशन?… एवढ्यात? अरे वा!… पट्टी बांधली?… दुखतंय का?… बरं. आणि दादा कुठाय?… औषधं आणायला. बरं.

काय बघितलं म्हणजे? बाबा, मी इथे मशीन तपासायला आलेय, सहलीला नाही. सकाळी हॉटेल ते कारखाना, संध्याकाळी कारखाना ते… थांबा. तो हॉर्न कसला?… बसचा? वॉर्डात बस आली?

बाबा.

बाबा, तुम्ही कुठे आहात?… खरं सांगा. आईला फोन लावू का?… मग सांगा… कुठे? बसस्टॉपवर?

म्हणजे ऑपरेशन झालंच नाही. पळालात!… "पळालो नाही, चालत आलो." धन्य आहे तुमची. तो बिचारा दादा सगळे मजले पालथे घालत असेल, आणि तुम्ही त्याच्या हातावर तुरी देऊन बसस्टॉपवर वारा खाताय… अंगावर काय आहे?… तो हिरवा झगा? मागून नाड्यांचा? बाबा!… वरून शर्ट चढवलाय. बरं. तेवढी अब्रू राखलीत.

हसत नाहीये मी. थेंब घातले होते ना डोळ्यांत? मग त्या उन्हात उघड्या डोळ्यांनी काय बसताय? रुमाल काढा खिशातला, कपाळावरून खाली सोडा… हं.

आता मला सांगा, घरी पळायचं होतं, तर बस का नाही पकडलीत?… किती गेल्या?… तीन. आणि आकडा… एकीचाही नाही दिसला.

…नाही, टोमणा नाही मारत. अख्ख्या गावाच्या पाट्या रंगवल्यात तुम्ही, आणि तुम्हाला बसचा आकडा… नाही हो, रागावले नाही. आवाज तसा येतोय कारण… जाऊ दे. सर्दी झालीय मला.

मला माहीतच होतं, बाबा. "थोडं धूसर दिसतं" म्हणून तुम्ही सगळ्यांना गुंडाळलंत, पण सोमवारी माझी खात्रीच पटली… कसं म्हणजे? इथल्या पाट्यांचे फोटो पाठवले ना मी तुम्हाला? त्यातला एक चुकून गेला होता. हॉटेलच्या खोलीतल्या गालिच्याचा… गालिच्याचा! फोन हातातून पडताना निघाला. आणि तुम्ही काय म्हणालात? "हा सगळ्यात फर्मास. अक्षराला वजन आहे."

…हसा. हसा आता. मी त्या दिवशी बाथरूमचं दार लावून रडले.

कशाची भीती वाटते? सुईची?… मग? डॉक्टर बरा नाही?… अहो, मग काय?… कुठला बोर्ड?… पिठाच्या गिरणीचा, तुम्ही शेवटचा रंगवलेला. हं… कोण हसलं?… आणि तुम्ही ऐकलंत.

…म्हणजे, डोळा चांगला झाला की तो बोर्ड दिसेल. म्हणून नको?

…

आहे, आहे मी. फोन नाही कट झाला. बाबा, मी बघितलाय तो बोर्ड. इकडे यायच्या आदल्या दिवशी मुद्दाम गेले होते… खरं सांगू? वाकडा आहे. शेवटची दोन अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी खाली गेलीत… हो. चांगलीच.

हो ना, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. तुम्हीच शिकवलंय, वाकड्याला सरळ म्हणायचं नाही. पण पुढचं ऐका. अहो ऐका ना! तो बोर्ड अजून तिथेच आहे. मशीनवर छापून देणारा एकजण आला होता गिरणीवाल्याकडे. गिरणीवालाच त्याला म्हणाला, आमचे पेंटर बरे झाले की येतील, त्यांचं त्यांना निस्तरू दे… दया कसली आलीय? फुकटात सरळ करून घेणार आहे तुमच्याकडून. शिडी पण त्याची नाही, तुम्हीच आणायची म्हणे!

…हं. हसलात. ऐकलं मी.

आता उठा. त्या स्टॉपमागे भिंत आहे ना? कुणाची?… दवाखान्याचीच? मग रस्ता नाही ओलांडायचा. भिंतीला हात लावा, आणि हळूहळू फाटकापर्यंत… नाही जमणार म्हणजे? मी आहे ना सोबत. आठवतं, मी लहानपणी बाजारातून येताना पाय दुखतात म्हणून फतकल मारायचे, आणि तुम्ही म्हणायचात, चल, पुढच्या पाटीपर्यंत फक्त? पाटी पाटी करत घर यायचं. आज माझी पाळी. मी इथल्या पाट्या सांगते, तुम्ही चाला… काय बघितलं ते विचारत होतात ना? मग.

उठलात?… हात भिंतीला?… चला.

हॉटेलातून निघालो. पहिलं दुकान पाववाल्याचं. काळ्यावर पिवळी पाटी… काय लिहिलंय देव जाणे, इथली लिपीच निराळी. म्हणून तर तुमच्यासारखं बघते. अक्षर नको बघू, दोन अक्षरांमधली जागा बघ, म्हणायचात ना?… छान मोकळी आहे. दाटीवाटी नाही. चाला, थांबू नका.

पुढे न्हावी. त्याच्या काचेवर नुसती कात्री काढलीय, पण काय कात्री! मग एक बाई, फुलांचं दुकान. रोज सकाळी बादली आणि झाडू घेऊन दुकानापुढची फरशी धुते. मी आपली रोज फुटपाथवरून खाली उतरायचे, तिची ओली फरशी मळायला नको म्हणून. पाचव्या दिवशी तिनेच झाडू बाजूला केला, आणि हातानं, या ना, असं… नाही, बोलत नाही आम्ही. काय बोलणार? पण उद्या मी दिसले नाही तर तिला चुकल्यासारखं होईल, एवढं नक्की.

काय लागलं हाताला?… खांब? त्याला वळसा घाला, परत भिंत.

मग सिग्नल. रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तरी सगळे लाल दिव्याकडे बघत उभे. पहिल्या दिवशी मी गेले तुरुतुरु. असे बघायला लागले माझ्याकडे, मेल्याहून मेल्यासारखं झालं! आता सगळ्यांत शहाणी मीच उभी असते.

मशीन? मशीन चांगलं आहे. बाटलीला लेबल लावतं, मिनिटाला दोनशे. काल केसभर तिरकं जात होतं. इथला इंजिनियर मोजून म्हणाला, चालतं एवढं. म्हटलं, मला दिसतंय, नाही चालत. पुन्हा जुळवायला लावलं. तो मनात म्हणत असेल, कुठून आली ही… हो. सांगितलं मी त्याला. म्हटलं, माझे वडील पेंटर आहेत.

…बाबा? चालताय ना?… फाटक आलं? कोण बोलतंय?… वॉचमन. काय म्हणतो?… "आजोबा, नाड्या सुटल्यात." बांधून घ्या मग त्याच्याकडून! मी थांबते.

…झालं? पायऱ्या किती?… पाच. कठडा धरा.

हं, आता पूल. पूल ओलांडला की इथला प्रसिद्ध मनोरा. रविवारी कंपनीवाल्यांनी नेलं होतं आम्हाला. चारशे पायऱ्या, वरून म्हणे सगळं शहर दिसतं… मी नाही गेले. सगळे गेले, मी खालीच. कारण मनोऱ्याच्या अलीकडे एका दुकानावर शिडी लावलेली, आणि शिडीवर एक म्हातारा. एका हातात ब्रश. मनगटाखाली टेकू म्हणून काठी… हो! अगदी तुमच्यासारखी आडवी धरलेली. काठीच्या टोकाला चिंधीचा गोळासुद्धा!

दीड तास उभी होते. बाकीचे चढले, उतरले, फोटो काढले, मला वेड्यात काढलं. तो म्हातारा खाली उतरायचा, रस्ता ओलांडायचा, पलीकडून मान तिरकी करून बघायचा. एक डोळा मिटून… हो. कुणी शिकवलं असेल त्याला? मी खुणेनं सांगितलं त्याला. असा ब्रश, अशा मिश्या, माझे वडील. तो खदखदून हसला. आणि बाबा, त्यानं ब्रश माझ्यापुढे धरला.

मी? मी घेतला की. चढले शिडीवर. शेवटच्या अक्षराची उभी रेघ राहिली होती…

तो दादाचा आवाज ना? ओरडू दे त्याला, हक्क आहे त्याचा. सांगा, मी आलो परत… रडतोय? दादा? अगंबाई. पाठीवरून हात फिरवा त्याच्या.

कोण, सिस्टर आल्या?… एक मिनिट थांबा म्हणावं.

काय?… हो, मारली. वरून खाली, एका दमात, श्वास रोखून. तुम्ही सांगायचात तशी… सरळ?

नाही. ते मी नाही सांगणार… नाही म्हणजे नाही. फोटो पाठवलाय. गालिच्याच्या नंतरचा, शेवटचा. त्यावर तुम्ही काहीच बोलला नव्हतात. उद्या पट्टी निघाली की आधी तो बघा, आणि मला फोन करा. वाकडी असली तर वाकडी म्हणा. मी म्हटलं ना तुमच्या बोर्डाला?

…हो. मीही घाबरलेय, बाबा. खूप… जा आता.

सिस्टर? हो, घ्या त्यांच्याकडून फोन. मुलगी बोलतेय, लांबून… नाही, निरोप काही नाही. फक्त तो फोटो त्यांना कुणी वर्णन करून सांगू नका हं. ते बघणार आहेत.

हॅलो?… हॅलो?

ठेवला.