ल्युकॉनच्या पोथ्या आणि ईस्टरचा रविवार

मंडळी, आज एकच विचारतो — देवाला शरण जायचं, म्हणजे डोकं दारात काढून ठेवायचं का? चपलांसारखं? बघा, कुणी मान हलवेना! बरं, ऐका तर मग. गोष्ट माझ्या पदरची आहे, ग्रंथात शोधत बसू नका!

अलेक्झांड्रिया शहर! तिथं ल्युकॉन नावाचा ग्रीक मास्तर. तर्कशास्त्र, भूमिती, ताऱ्यांचं गणित — सगळं तोंडपाठ! साठीला आला आणि ख्रिस्तावर जीव जडला. म्हणाला, "मला बाप्तिस्मा द्या, पाण्यात उतरवून ख्रिस्ती करून घ्या." तिथला रिवाज असा, की बाप्तिस्मा ईस्टरला, म्हणजे ख्रिस्त पुन्हा उठला त्या सणाला, आणि आधी माणसाच्या धंद्याची चौकशी. चौकशीला कोण? अम्मोन! तिथल्या ख्रिस्ती मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी. माणूस सरळ, पण तिखट!

"तुझ्या ग्रीक पोथ्या जाळ. मगच पाण्यात उतर."

"वडील, माझ्या गुरूंनी स्वतःच्या हातानं लिहिल्यात हो!"

"माझ्या भावाला ख्रिस्तासाठी मारलं, तेव्हा तुझे तत्त्वज्ञ हसत उभे होते! पोथ्या की प्रभू? बोल!"

ल्युकॉन पोथ्या बांधायला घरी गेला. अम्मोनचं दुःख खरं होतं, मंडळी. त्याला हसू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात विस्तव पेटला. ल्युकॉननं गाठोडं सोडलं. पहिली पोथी उचलली — तेवढ्यात बिशप आले धावत. बिशपांना पळताना पाहिलंय कधी?

"अम्मोन, घात झाला! गावोगाव ईस्टरचं पत्र धाडायचंय, होडी घाटावर उभी आहे, आणि आपलं तिथींचं कोष्टक गेल्या वर्षीच संपलं! वसंतातल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर; पण यंदा ती पौर्णिमा कधी? कुणाला काढता येते?"

ल्युकॉन हळूच म्हणाला, "मला येते. पण रीत ह्या पोथीत आहे."

"मग जाळतोस काय? मांड गणित!"

ल्युकॉन तिथंच वाळूत बसला. वर्तुळं काढली, आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. मग मान वर करून त्यानं रविवार सांगितला.

बिशप हसतच सुटले! "अहो अम्मोन, ह्याला ज्या सणाला पाण्यात उतरवायचं, त्याचा दिवस ह्याच्याच पोथीनं सांगितला!"

"पण त्या पोथ्यांत खोटंही लिहिलंय!" अम्मोन म्हणाला.

"आहेच! ते ओळखायलाही अक्कलच लागते. ती दिली कुणी?"

अम्मोननं घागर उचलली आणि विस्तवावर ओतली — भस्स! ल्युकॉन लेकरासारखा रडला. हायसं वाटलं हो! मलाही वाटतं, दर वेळी सांगताना.

आता तुमचं! घरातली लेक विचारते, "बाबा, देव दिसत का नाही?" तुम्ही डोळे वटारता — "गप्प बस! असलं विचारू नये!" का बरं? उत्तर येत नाही म्हणून? अहो, मग "ठाऊक नाही" म्हणा! तिच्या शेजारी बसा, दोघं मिळून शोधा. पोर देवाचा पत्ता विचारतेय, मंडळी — तिला दारातून हाकलू नका!