चौथा प्रश्न

मंग तुमीच सांगा नत्थूभाऊ, मी काय लिहाले पाहिजे होतं? — बसा नं, मरोद्याहून उन्हाचे सायकलनं आले, पानी तरी घ्या. हे पाहा, नर्सा तिकडं नेनारी आयर्लंडवाली कंपनी वाईट आहे असं मी म्हनतच नाही. पोरीजवळून रुपया घेत नाही, कागद दाबून ठेवत नाही, वरतून वॉर्डाच्या इनचार्जले, म्हंजे मले, फॉर्म पाठवते. पयले तीन प्रश्न सोपे — काम कसं, वागनूक कशी, सुट्ट्या किती मारते. तुमच्या गीतांजलीचं मी सारं चांगलंच लिहिलं, आईची शपथ! पन चौथा — ही नर्स गेली तर पेशंटचे हाल होतील का? आता बत्तीस खाटा, दोन सिस्टर, त्यातली एक तुमची पोरगी. मी लिहिलं, होतील. खोटं आहे का? तीन जागा दोन सालापासून खाली पडल्या आहे, त्या कावून भरत नाही म्हनून मालकाले कोनी फॉर्म पाठवते का? नाही, मले पुसते! अन् तेवढ्यावर त्यायनं यादीतून तिचं नाव काढून टाकलं — म्हने, आमी कोनाचा दवाखाना ओस पाडत नाही. मोठे आले धर्मात्मे!

काय म्हनता? समृद्धी? — ती माझी सून आहे, तिची गोष्ट वेगळी. वेगळी म्हंजे... हो, याच वॉर्डात होती. हो, हाच फॉर्म. तेव्हा आमी चार जनी होतो — नाही, तीनच. लिहिलं मी, काही अडचन नाही म्हनून! माझ्या सुमेधले तिच्यासंगं जायचं होतं, ठेकेदाराकडे किती दिवस राबला असता पोरगा? आता दोघं तिकडं, मी इथं कुकरमंदी एक वाटी भात लावून राहिली. वॉर्डात 'सिस्टर, डबा खा' म्हननारी, माझ्या गुडघ्याच्या गोळीची आठवन ठेवनारी तुमचीच पोरगी, तीही गेली असती तर मले कोन... — जाऊ द्या. पेशंटचे हाल झाले असते, बस.

तुमाले कंपनीच्या फोनवरून समजलं? घरी ती काहीच नाही बोलली? मंगळवारी आफिसवाल्यायनं तिले मी भरलेला तो फॉर्म दाखवला. बुधवारी सकाळी सातले ती ड्युटीवर आली, 'नमस्ते सिस्टर' म्हनली, माझी गोळी टेबलावर ठेवली, अन् एक नंबरच्या खाटेपासून बीपी घ्याले लागली.