निवडुंगाचे तामाल

…आणि वर मलाच विचारतात, "एवढ्याशानं काय होतंय?" एवढ्याशानंच होतं हो! तुम्हाला सांगते, पोटात पोर असताना माझी साखर चढली ती अशीच एवढ्याएवढ्याशानं, आणि बाळंतपणानंतर उतरली तेव्हा दवाखान्यातल्या ओब्दुलिया नर्सबाई म्हणाल्या, "पोरी, ही गेलेली नाही, दाराआड उभी आहे. खाणं सांभाळ, चालत जा, दर मंगळवारी इथल्या आहाराच्या वर्गाला ये. एप्रिलात तपासू. चुकलीस तर कायमची मुक्कामाला येईल." मी मुळात घाबरट, तिसऱ्या मंगळवारी माझी वही भरली होती.

पण घरी सासूबाई, दोन्या एदुविहेस. मक्याच्या भाकऱ्या मोजून घेतल्या की, "आमच्यात अजून दुष्काळ पडलेला नाही." गोड पेज नको म्हटलं की, "दूध आटेल. एवढ्याशानं काय होतंय?" आणि जानेवारीत, तीन राजांच्या सणाला तो गोल गोड पाव कापताना… मी डोळ्यांनी पाहिलं, सुरीच्या टोकानं खालून चाचपत होत्या, पावात लपवून भाजलेली इवलीशी बाहुली कुठल्या तुकड्यात आहे ते. तोच तुकडा माझ्या ताटात! आता रीतच ती, ज्याला बाहुली निघेल त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामाल घालायचे. पीठ मळा, चरबी फेसा, एकेक पानात गुंडाळून वाफवा. सगळे म्हणजे बावीस माणसं, कडेवर पाच महिन्यांची पोर, आणि नवरा, फेर्मीन, म्हणतो, "नशीबवान आहेस."

बरं. मनात म्हटलं, घालते ना.

सूड कसा उगवायचा हे वर्गात शिकवत नाहीत, पण साहित्य सगळं वहीत होतं. चरबी वगळली, घेवडा आणि काटे खरवडलेला कोवळा निवडुंग कोंबला, पेजेऐवजी जास्वंदीचं आंबट पाणी, साखरेचा कण नाही. वर नर्सबाईंचं साखर मोजायचं यंत्र मागून आणलं आणि दारात खुर्ची टाकून बसले. आधी बोट, मग तामाल.

"सण आहे का रक्तदान, वहिनी?" धाकटा दीर.

"एवढ्याशानं काय होतंय, भावजी?" …कसं गार वाटलं म्हणून सांगू.

सासूबाई बाही सारून पुढे आल्या. "घे. मला काय धाड भरलीय?"

तीनशे अकरा.

महिनाभर आरशासमोर एक वाक्य घोकलं होतं हो मी, चांगलं झोंबेल असं. ऐन वेळी तोंडातून निघालं काय, "यंत्र जुनं आहे, आई." त्यांनी आकडा पाहिला, मला पाहिलं, मुकाट दोन तामाल खाल्ले. दवाखान्यात पुन्हा तपासलं. यंत्र चांगलं होतं. आणि मंगळवारी सासूबाई माझ्याआधी वर्गात, पहिल्या रांगेत, नवी वही घेऊन.

आता वर्गाच्या प्रमुख त्याच आहेत. पहाटे मला हाकून चालायला नेतात, माझं ताट तपासतात, चुकून पाव मोडला तर म्हणतात, "एवढ्याशानंच होतं, सूनबाई." हे मला!

एप्रिलात माझा रिपोर्ट आला. साखर ठीक. नर्सबाईंनी सगळ्या वर्गाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या… दोन्या एदुविहेससाठी, सुनेला शिस्त लावल्याबद्दल. मीही वाजवल्या. पोर कडेवर होती, म्हणून जरा हळू.